आधी पेन खाली

इंगोले सरांना मी वर्गात कधी बसलेलं पाहिलं नाही. रिसोडच्या आमच्या कॉलेजात ते फिजिक्स शिकवत आणि वर्गभर येरझाऱ्या घालत. चहासुद्धा दारात उभ्यानेच. खुर्चीवर बॅटरी, होकायंत्र आणि पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार असायची. त्या कॉइलला करंट दिला की होकायंत्राची सुई गर्रकन वळायची, आणि सरही तसेच वळून पुन्हा चालायला लागायचे.

करंट दिला की कॉइल चुंबक होते. मग तिचं उत्तर टोक कुठलं? उजव्या हाताची बोटं करंटच्या दिशेने वेढ्यांभोवती वळवायची. अंगठा दाखवेल ते. परीक्षेत मात्र आम्ही हटकून चुकायचो. उजव्या हातात पेन, म्हणून डावाच वळवायचो आणि उत्तर बरोब्बर उलटं यायचं. सर बाकांमधून तरातरा यायचे. "पेन ठेव आंधी खाली. डावा हात खोटं सांगते."

गेल्या वर्षी सरांना अर्धांगवायू झाला आणि नेमका उजवा हात लुळा पडला. मी आता जवळच मालेगावला हाच विषय शिकवते. कळलं तशी धावत त्यांच्या घरी गेले. चादरीखाली त्यांचा डावा पाय सारखा हलत होता. काकू सांगत होत्या, वर्गावर जायचं म्हणून हट्ट धरतात, पण डॉक्टरांनी सांगितलेला मूठ वळायचा व्यायाम करत नाहीत. मला वाईट वाटलं, आणि रागही आला.

कपाटावर त्यांची कॉइल होती. ती बॅटरीला जोडून मी पुढे धरली. विचारलं, "सर, उत्तर टोक कोणतं?"

त्यांचा डावा हात सवयीने उठला आणि मध्येच थांबला. मग त्याच हाताने त्यांनी उजव्याचं एकेक बोट उचलून वेढ्यांवर ठेवलं. अंगठा काही उभा राहीना. मी आधार द्यायला गेले.

"थांब थोडी. घाई हाय का तुले?"

जन्मात कधी न थांबलेला माणूस मला थांब म्हणत होता. मला रडू आवरेना.

त्या दिवसापासून व्यायाम सुरू झाला. माझ्या वर्गावर एक तास घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. तो तास काही झाला नाही. दिवाळीनंतर सर गेले. शेवटी शेवटी अंगठा उभा राहायला लागला होता, असं काकू म्हणाल्या, आणि कॉइल माझ्या हातात दिली.

ती आता माझ्या वर्गात खुर्चीवर असते. मलाही तिथे बसवत नाही.