हलकं इंजिन

"सांगू नका, दाखवा," असं म्हणून ते यंत्राच्या पाठीवर तळहात ठेवायचे. यंत्र कोणतंही असो. वाचनालयातली पाण्याची मोटर आवाज करते असं मी सांगू लागले, की माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ते मोटरीशी उकिडवे बसलेले असत. हात ठेवला की डोळे मिटायचे. त्या वेळी कोणी मध्ये बोललं, तर दुसऱ्या हाताने त्याला गप्प करायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. आपण त्याला हसतो, आणि काही बिघडलं की पहिला फोन त्यालाच करतो.

वराळ्याच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला होते. राहायला इंदुरीत. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणत असू. तळेगावच्या ज्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे, त्याचे ते जुने सभासद, पण एकही पुस्तक त्यांनी कधी घरी नेलं नाही. "मॅडम, वाचाय बसलो की डोळा लागतो," हे इतकं सरळ सांगणारा सभासद मी दुसरा पाहिला नाही. ते यायचे मागच्या खोलीत, जिथे तीन जुने संगणक होते. दर रविवारी सकाळी, इस्त्रीचा शर्ट घालून.

तिथे त्यांचा एक खेळ चालला होता. खेळायचा नव्हे, बनवायचा. आठ जण मिळून तो फुरसतीच्या वेळात बनवत होते. कोणी भाऊंच्या पाळीतलं, कोणी कॉलेजातलं. लोणावळ्याच्या एका चिक्कीच्या दुकानात काम करणारा अक्षय त्यांच्यातला सगळ्यात बोलका. खेळ झॉम्बींचा होता. मेलेली माणसं उठून मागे लागतात, आणि आठ खेळाडूंनी आपापल्या घरून, एकाच वेळी, एकमेकांना सांभाळत घाट चढून भुशीच्या धरणाच्या पायऱ्या गाठायच्या.

"झॉम्बी कायम फॉरेनलाच का?" भाऊ म्हणायचे. "मढी काय आपल्याकडं न्हाईत?"

मढी पळतात का चालतात, यावर त्यांच्यात एकदा अख्खा रविवार गेला.

"भाऊ, पळाली नाहीत तर भीती कशी वाटणार?" अक्षयने विचारलं.

"पळणारं मढं म्या बघितलं न्हाई. तू बघितलंस?"

"चालणारं तरी कुठे बघितलंय तुम्ही?"

"आमच्या पयल्या पाळीला ये. सगळी चालत येत्यात."

खेळाला इंजिन लागतं, हे मला भाऊंनीच समजावलं. "गाडीचं न्हाई, मॅडम. भिंत आली की थांबायचं, कडा आला की पडायचं, ऊन कुटनं येतंय, सावली कुटं पडती, हे समदं जे बघतं ते इंजिन. आपण त्याच्यावर आपला खेळ मांडायचा." त्यांनी एका परदेशी कंपनीचं मोठं इंजिन घेतलं होतं आणि खेळाची सुरुवात म्हणून दोन वर्षं त्यावर आपली इंदुरी उभी केली होती. एकदा त्यांनी मला मुद्दाम बोलावून दाखवली. गढीच्या तटावर दुपारी चारचं ऊन होतं. खाली इंद्रायणीच्या पाण्यावर त्याच तटाची सावली हलत होती. भाऊंच्या घराच्या दारावरचा उडालेला रंगसुद्धा जिथल्या तिथे उडालेला होता. हे त्यांनी अक्षयच्या भारी संगणकावर केलं होतं, आणि तो त्यांनी त्या दिवशी उचलून आणला होता, कारण आमच्या तीन संगणकांवर आखणी आणि याद्या होत, पण हे उघडतच नव्हतं. याचा अर्थ तेव्हा कोणीच लावला नाही.

आठांपैकी एक मनीषा. भुशीच्या वरच्या अंगाला ठाकरांची वाडी आहे, तिथली. बारावी झालेली, एका बंगल्यावर साफसफाईचं काम करणारी. बंगल्याच्या मालकिणीने टाकून दिलेला लॅपटॉप तिच्याकडे होता. झॉम्बी ती काढायची. कागदावर काढून फोटो पाठवायची, मग दुसरं कोणीतरी ते खेळात बसवायचं. दर आठवड्याला भाऊ नवं काम सगळ्यांना पाठवत आणि विचारत, "दिसतंय का सगळ्यांना?" सगळ्यांची उत्तरं येत. मनीषाचं सगळ्यात आधी: "लय भारी झालंय भाऊ."

एक दिवस भाऊ म्हणाले, "पोरगी खेळात खोट काढत न्हाई. समदे काढत्यात, ही न्हाई. बघून यावं म्हणतो. मॅडम, तुमी चला संगं. लेकीबाळीच्या घरी एकटं जाणं बरं दिसत न्हाई." मी निघाले. तिला वाचनालयाचा फॉर्मही द्यायचा होता.

वाट चढाची होती. भाऊ पुढे, मी मागे. घरात शिरल्यावर त्यांनी पाणीही घेतलं नाही. "दाखव," म्हणाले. मनीषाने लॅपटॉप उघडला, खेळ चालू केला आणि चहा ठेवायला गेली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. लॅपटॉपचा पंखा एवढा ओरडायला लागला की दारातली कोंबडी उठून गेली. चहा झाला, पिऊनही झाला. मग पडद्यावर गढीचं एक चित्र आलं आणि तिथेच थांबलं.

"फुडं?" भाऊंनी विचारलं.

"एवढंच दिसतं भाऊ आमच्या हितं. पण चित्र लय भारी हाय."

भाऊंनी लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच उचलला. "कवापास्नं?"

"पयल्यापास्नं."

"म्हंजे तू खेळ बघितलाच न्हाईस? तुझी मढी चालताना बघितली न्हाईस?"

ती मान खाली घालून हसली.

"मग बोलली का न्हाईस, बये?"

"तुमी एवढी मेहनत केली. तिला नाव कशाला ठेवायचं?"

उतरतानाही भाऊ पुढे, मी मागे.

पुढच्या रविवारी बैठकीत त्यांनी इंजिन बदलायचा विषय काढला. लोकांनी मिळून बनवलेलं, कोणालाही फुकट वापरता येणारं एक हलकं इंजिन होतं. ते आमच्या वाचनालयातल्या सगळ्यात मंद संगणकावरही उघडलं. फक्त त्यात ते ऊन नव्हतं, ते पाणी नव्हतं. भिंती पुठ्ठ्याच्या दिसत. आणि जुन्यातलं जवळजवळ काहीच नव्यात आणता येणार नव्हतं.

"एका लॅपटॉपपायी दोन वर्षं, भाऊ?" अक्षय चिडला होता. "तिला आपण दुसरा लॅपटॉप बघू. हे बघा ना, कागदी बाहुल्या वाटतात!"

"तिला देशील. उद्या तिच्या वाडीतलं कोण खेळाय आलं तर? आन् माझ्या पाळीतली पोरं काय भारी मशिनी घिऊन बसल्यात?"

"मग त्यांनी सांगायचं होतं."

"ती सांगत न्हाईत, हीच तर गोम हाय. मनीषानं सांगितलं का? भारी मशीन नसलेली समदी 'भारी' म्हणत्यात आन् घरी गप बसत्यात."

मनीषा त्या दिवशी आली होती. ती म्हणाली, "भाऊ, माझ्यासाठी नको. मी कागदावर काढते की."

"तू आमच्यात हायेस का पाव्हणी?" भाऊंनी विचारलं. निर्णय मात्र त्या दिवशी झाला नाही. दोन वर्षांचं काम भाऊंचं होतं, तेव्हा शेवटचा शब्दही त्यांचाच, असं ठरलं.

त्यानंतरच्या रविवारी ते आलेच नाहीत. आले ते बुधवारी, पाळी सुटल्यावर, कारखान्याच्याच कपड्यांत. माझ्या टेबलासमोर बसले.

"मॅडम, तुमी एवढी पुस्तकं वाचता. लिवणारे लोक कधी लिवलेलं फाडून टाकत्यात का?"

"टाकतात."

"मंग?"

"मग पुन्हा लिहितात."

"तसंच्या तसं?"

मी खरं ते सांगितलं. "नाही भाऊ. तसंच्या तसं येत नाही."

"हां," ते म्हणाले. मग मागच्या खोलीत जाऊन सगळ्यात मंद संगणक चालू केला आणि हलक्या इंजिनात पहिली भिंत उभी केली. वाकडी झाली. पाडून पुन्हा केली. मी वाचनालय बंद करेपर्यंत ती सरळ झाली होती.

पुढचे आठ महिने भाऊ जितके बोलले, तितकं बोलताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. मनीषा आता नुसती चित्रं काढत नव्हती, मढ्यांना चालवायला शिकली होती. भाऊंच्या चुका ती तोंडावर काढायची. "भाऊ, तुमच्या पायऱ्या चुकल्यात. भुशीला अशा न्हाईत." मग ते तिला खोटं रागावायचे आणि पायऱ्या बदलायचे. इंदुरी नव्या खेळात आलीच नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आमचं घर हाय तितंच हाय की."

खेळ पुरा व्हायला थोडं राहिलं होतं. भाऊ पहिल्या पाळीवरून घरी आले, जेवले, छातीत दुखतंय म्हणाले. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

महिन्याभराने, एका रविवारी, त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, वाचनालयाच्या दारात उभ्या राहिल्या. "ह्यांचा तो खेळ हितं असतो का?" त्यांनी विचारलं. "रोज सांगायचे, कधी दावला न्हाई. पुरा झाल्यावर दावतो म्हणायचे."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अक्षयच्या संगणकावर जुनी इंदुरी अजून होती. ऊन, पाणी, दाराचा रंग. त्याने हळूच मला विचारलं, "तीच दाखवू का?" मनीषाने मात्र आपला लॅपटॉप उघडून वहिनींसमोर ठेवला होता.

घाट आला. पुठ्ठ्याच्या भिंती, सपाट हिरवे डोंगर. वहिनी पदराने चष्मा पुसून बघत होत्या. वळणावरून पहिलं मढं आलं, मग त्याच्या मागे चार-पाच. वहिनी पुढे वाकल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हे तर ह्यांचं चालणं!"

मला काहीच दिसेना. मग दिसलं. उजवं पाऊल टेकण्याआधी किंचित ओढलेलं, डावा खांदा पुढे, चढावर असतो तसा. प्रत्येक मढं तसंच चालत होतं.

मनीषा पडद्याकडेच बघत म्हणाली, "त्या दिशी भाऊ चढ चढून आले ना आमच्याकडं, तवा मी दारातनं बघत होते. मला दुसरं कुणाचं चालणं जमंनाच. सांगणार होते त्यांना, पुरं झाल्यावर."

मी त्या दिवशी सबंध वाट त्यांच्या मागून चालले होते.

वहिनींनी पडद्यावरच्या मढ्यांकडे बोट केलं. मग विचारलं, "ह्यांना मारायचं असतं का गं?"

"व्हय, मावशी. न्हाई तर आपण मरतो."

"मंग मार की. त्यासाठीच केलाय ना त्यांनी?"

मनीषाचं बोट कळीवर तसंच होतं. अक्षयने तोंड फिरवलं. वहिनींनी तिच्या पाठीवर हळूच थोपटलं, तेव्हा तिने कळ दाबली. पहिलं मढं पडलं. त्याच्या मागून वळणावर दुसरं आलं, उजवं पाऊल किंचित ओढत.