अक्काचा संगणक मुका झाला तेव्हा

शेअर्ड लायब्ररी हा माझा जुना हट्ट. कॉलेजच्या लॅबमध्ये संगणक सांभाळता सांभाळता जडलेला. इथं पुस्तकांचा संबंध नाही. अनेक प्रोग्रामांना लागणारं तयार काम एकाच ठिकाणी ठेवलेलं असतं, ज्याला हवं तो तिथून घेतो. त्यात दोष निघाला की ती एक बदलायची, सगळे प्रोग्राम सुधारतात. ज्यानं त्यानं आपापली प्रत बाळगली तर दुरुस्ती करताना नाकी नऊ येतात, हे मी पोरांना ठासून सांगतो.

माझी थोरली बहीण बोरीला शिक्षिका आहे. आजारात तिची नजर गेली, नोकरी तिनं सोडली नाही. मराठी वाचणारा एक प्रोग्राम तिला धडे वाचून दाखवतो, ते ऐकून ती वर्गावर जाते. तो बंद पडला तर तिचं शिकवणं अडतं.

एका रविवारी तिच्याकडे गेलो आणि सवयीनं ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड केली. आवाजाच्या लायब्ररीत धोक्याचा दोष निघाला होता. नवी येताच ब्राउझर, व्हिडिओ, सगळं एका फटक्यात सुरक्षित झालं. मी खुशीत होतो. अक्कानं वाचणारा प्रोग्राम लावला, तर तो तोंडच उघडेना.

तो जुन्या लायब्ररीवर बेतलेला, आणि करणाऱ्यानं कधीच वाऱ्यावर सोडलेला. मी हे समजावू लागलो तशी अक्का म्हणाली, "म्हंजे विहारातल्या भांड्यावानी."

तिचं बरोबर होतं. आमच्या वस्तीची लग्नाकार्याची भांडी विहारात असतात. नवी आणली की सगळ्यांच्याच पंगतीची सोय होते. पण एकदा नवं भगुणं आमच्या चुलीवर बसेना, म्हणून आईनं जुनं एक मागून घरी ठेवलं होतं. मीही तेच केलं. जुनी लायब्ररी त्या प्रोग्रामच्याच फोल्डरात वेगळी ठेवली, आणि आवाज आला. हायसं वाटलं, आणि स्वतःचा थोडा रागही आला, कारण वर्गात मी नेमकं हेच करू नका म्हणतो.

अक्काला बजावलं, ही प्रत आता बाकीच्यांबरोबर सुधारणार नाही, जुना दोष तिच्यात तसाच राहील, म्हणून या प्रोग्रामचं इंटरनेट तोडलंय. आणि पुन्हा आवाज गेला तर फोन कर, मी येतो.

तिनं कीबोर्ड पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "तू येस्तोवर पोरं काय करतील? आवाज गेल्यावर, आवाज नसताना, तो मी कसा आणायचा ते सांग."

याचा विचार मी केलाच नव्हता. जुन्या लायब्ररीची आणखी एक प्रत बाजूला ठेवली. ती प्रोग्रामच्या फोल्डरात परत आणून प्रोग्राम चालू करणारी एक आज्ञा लिहिली, ती कीबोर्डच्या कोपऱ्यातल्या बटणाला जोडली. अक्कानं मला फोल्डरातली प्रत मुद्दाम पुसायला लावली. आवाज गेला. मग म्हणाली, भाईर जा.

मी ओसरीवर उभा राहिलो. आत काहीच ऐकू येईना, पाय दोनदा दाराकडे वळले. मग धडा वाचल्याचा आवाज सुरू झाला आणि चालूच राहिला. अक्कानं मला हाक मारली नाही.