खांद्यामागे

समोरच्याला पत्ता न लागता फोटो काढायचा, ही माझी हौस. तेवढ्यासाठी तीन दुपारी तांबटांच्या गल्लीत, एका बंद दुकानाच्या पायरीवर खांबासारखा बसलो. समोर म्हातारे तांबटकाका हंडा ठोकत. त्यांच्या उगारलेल्या हातोडीवर ऊन पडलेलं मला हवं होतं. तिसऱ्या दिवशी ते मिळालं आणि स्वतःच्या चिकाटीची पाठ थोपटत मी घरी आलो.

फोटो मोठा करून पाहिला. काका, जिन्यावरच्या बाई, सायकलवाला, सगळे माझ्या खांद्याच्या किंचित मागे बघत होते. हातोडीच्या नादात माझं लक्षच नव्हतं. टपून बसणारा समोरच बघतो. आपल्यावर कोण टपलंय, हे त्याला कुठून दिसणार?

चौथ्या दिवशी गल्लीत जाऊन काकांना फोटो दाखवला.

"अहो, तुमचा जोडीदार की!" काका हसले. "तिन्ही दिवस तुमच्या मागं वाकून उभा. तुम्ही निदान डास तरी मारत होता, तो हललासुद्धा नाही."

"काका, मी एकटाच येतो."

काकांचं हसू मावळलं. त्यांची नजर हळूहळू माझ्या खांद्यामागे गेली आणि तिथंच थांबली.

कॅमेरा सुरू आहे, बोट बटणावर तयार आहे. मान तेवढी वळत नाही.