कोंबडीचं सूप आणि आत्याबाईंचे वार

तुम्ही कळवलंत की कामावरून आलं की संध्याकाळी तुम्ही टर्कीच्या खिम्याचं इटालियन पद्धतीचं सूप करता आणि एका भांड्यात सगळं जेवण होतं. वर लिहिलंत, 'आजी, तुला हे काय माहीत असणार!' मला माहीत आहे. आमच्याकडे टर्की नव्हती, कोंबडी होती. बाकी तेच सूप मी मंगरूळपीरजवळच्या आपल्या खेड्यात, अंगणातल्या चुलीवर, एक अख्खा हिवाळा केलं. क्रमाने सांगते.

मोठी लढाई संपली त्या वर्षीची गोष्ट. तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर, फौजेत लॉरी चालवायचे. इटलीतल्या एका घाटात लॉरी उलटली आणि त्यांचा जबडा मोडला. फौजेच्या दवाखान्यात हाड सांधलं, पण घरी आले तेव्हा तोंडात जेमतेम चमचा जाईल एवढीच फट उघडत होती. डाव्या बाजूचे दात गेले होते. पेज, ताक आणि वरणाचं पाणी यावर ते दिवस काढत होते, आणि अंगावरचा फौजी कोट दिवसेंदिवस दुसऱ्याचा घातल्यासारखा दिसू लागला होता.

मंगरूळपीरच्या दवाखान्यातले डॉक्टर मद्रासकडचे होते, इंग्रजीतच बोलायचे. म्हणून तुमच्या आजोबांनी मला बरोबर नेलं. अमरावतीला मॅट्रिकपर्यंत शिकले होते मी. सासरी त्या शिक्षणाला काम मिळालं ते त्या दिवशी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की जबडा रोज हलला पाहिजे. आधी मऊ, मग जरा घट्ट, मग त्याहून घट्ट असं चावायला द्या. आणि रोज मांस द्या, अंगात काही उरलेलं नाही. हे झालं नाही तर जबडा कायमचा बसेल.

परतताना गाडीत मी विचारलं, "भाऊजी, काय खावंसं वाटतं?"

बोलताना त्यांना दुखायचं, त्यामुळे ते थांबत थांबत बोलत. "तिकडे एका म्हातारीच्या घरी आमी उतरलो व्हतो, वहिनी. रोज संध्याकाळी एकच गंज चढवे. कोंबडीचा खिमा, टमाटे, चवळीवानी दाणे, अन् कणकेच्या नळ्या. वरून एक पाला टाके, तुळशीवानी वास येणारा."

"नळ्या कशा?"

"आपले सरगुंडे नाई का? तसेच."

सरगुंडे तुम्ही पाहिले नसतील. उन्हाळ्यात बायका कणकेची बारीक वात काडीवर गुंडाळून वाळवतात, त्या पोकळ नळ्या. आमरसाबरोबर जावयाला, पाहुण्यांना वाढायच्या. आमच्या कोठीत त्या सालचे उरलेले होते. मऊ खिमा, शिजलेले दाणे आणि जरा चिवट सरगुंडे: डॉक्टरांनी सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या त्या एका गंजात, एका पातेल्यात, होत्या. मी तिथेच ठरवलं, की हेच करायचं.

आपल्या घरात कोंबडी-मटण स्वयंपाकघरात शिजत नसे. अंगणात गोठ्यालगत वेगळी चूल होती, वेगळी भांडी होती, आणि तिथे पुरुष रांधायचे. पहिल्या दिवशी तुमच्या आजोबांनीच केलं. मी शेजारी उभी राहून सांगत होते. खिमा त्यांनी छान बारीक केला. मी मीठ आणायला वळले तेवढ्यात त्यांनी मूठभर तिखट सोडलं.

"हे काय केलंत?"

"बिनतिखटाची कोंबडी कोणी खाते का? आजारी हाय म्हून का त्याच्या जिभेले चव नको?"

दिरांनी एक घोट घेतला आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी वाटी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या चुलीपुढे मी बसले.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या दारातून म्हणाल्या, "घ्या बाप्पा! एवढं इंग्रजी शिकली अन् गोठ्यात कोंबडी रांधाले निंगाली माही सून."

"शिकले म्हणूनच बसले, आत्याबाई."

"अन् सरगुंडे? पाव्हण्यायले करतो ते कोंबडीत टाकून राह्यली?"

"भाऊजींना पाहुणे समजा."

"तुळशीले हात लावशीन तर पाय."

तुळशीला मी हात लावणारच नव्हते. मंगरूळपीरच्या दर्ग्याजवळ फुलांबरोबर सब्जाचा पाला विकत. त्याचा वास तुळशीच्या जवळचा, आणि आत्याबाईंची त्याला हरकत नव्हती. आजोबा बाजाराला गेले की ओल्या फडक्यात गुंडाळून आणत. तुम्ही जी बेसिलची पानं घालता, ती याचीच भावंडं.

आता कृती. करडईच्या तेलात कांदा आणि भरपूर लसूण मऊ होऊ द्यायचा, लाल नाही. त्यात खिमा घालून तो मोकळा होईपर्यंत हलवत राहायचं. मग चिरलेले टमाटे. (आत्याबाई टमाटे घरात घेत नसत, त्यांना तो रंग मांसासारखा वाटे. गोठ्यालगतच्या चुलीवर त्यांचं काही म्हणणं नव्हतं.) मग गाजर, आधी शिजवलेले बरबटीचे, म्हणजे चवळीचे, दाणे आणि गरम पाणी. थंड पाणी ओतू नका. शेवटी सरगुंडे मोडून टाकायचे आणि उतरवल्यावर सब्जा. तिखट नाही, मसाला नाही.

दिरांनी अर्धी वाटी संपवली आणि म्हणाले, "हे ते नाई." मग वाटी पुढे केली. "पण वाढा."

अडचण पुढे आली. घरात सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळत. त्या वारी अंगणातसुद्धा मांस शिजत नसे. डॉक्टर म्हणाले होते, रोज. मी आत्याबाईंना तसं सांगितलं. मधले दिवस गेले की जबडा पुन्हा आखडतो, सकाळी त्यांना पेजेचा चमचासुद्धा घेता येत नाही, हे त्यांनीही पाहिलं होतं. त्या उठून देवापुढे बसल्या, बराच वेळ. बाहेर आल्या त्या पदर खोचतच.

"कर. रोज कर. त्याचे वार मी धरते."

"म्हणजे?"

"त्यानं मोडले ते मी पाळीन. त्या दिवशी पान्याशिवाय काई नाई घेनार. तो भाकर चावीन त्या दिवशी सोडीन. देवाले सांगून आली मी. अन् त्याले सांगशीन तर माह्यासारखी वाईट नाई."

माझ्या शाळेत असलं काही शिकवलेलं नव्हतं. मी वाद घातला. म्हातारपणी, कापूस वेचणीच्या दिवसांत, आठवड्यात तीन कडक उपास झेपायचे नाहीत म्हणाले. त्या म्हणाल्या, "तुह्या हातात चूल देली ना? मंग तू चूल पाय."

मी चूल पाहिली. सरगुंडे मी आधी मऊ शिजवायचे, मग जरा कमी, मग आणखी कमी. दिरांच्या गालावर मांस आलं, तोंड थोडं जास्त उघडू लागलं. आणि आत्याबाई वाळत चालल्या. एका गुरुवारी त्या शेतातून आल्या आणि अंगणात डोक्यावरचं गाठोडं उतरवता उतरवता खालीच बसल्या. दीर जेवत होते. त्यांनी मला विचारलं, "मायनं आज काय खाल्लं?"

मी त्यांच्या वाटीत आणखी सूप वाढायला घेतलं.

"वहिनी, मी विचारून राह्यलो."

मी सांगितलं. त्यांनी वाटी बाजूला सारली आणि आईपुढे जाऊन बसले. "काहून करतं वं हे?"

"तू भाकर चाव, मी उपास सोडते."

"आण मंग भाकर."

मी मध्ये पडले. एवढ्यात भाकर नको, अजून आठ-पंधरा दिवस सूपच हवं. निदान रश्शात कुस्करून तरी खा. आत्याबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या, तशाच म्हणाल्या, "कुस्करेल चालत नाई. चावाव लागते."

"अन् चतकोर?" दिरांनी विचारलं. "देवाले चतकोर चालते का?"

आत्याबाईंनी विचार केला. "चालते."

मी सकाळची ज्वारीची भाकर आणली, घट्ट झालेली. दिरांनी उजव्या बाजूला तुकडा ठेवला आणि चावायला लागले. जबड्यातून कट कट आवाज येत होता. कपाळावर घाम आला. मी दोनदा म्हटलं, पुरे. त्यांनी हाताने मला गप्प केलं. तुमचे आजोबा दाराशी येऊन उभे राहिले. चतकोर संपायला एवढा वेळ लागला, की सुपावर साय धरली. शेवटचा घास गिळून त्यांनी तोंड उघडून आईला दाखवलं, लहान मुलासारखं.

आत्याबाईंनी दिरांपुढची उरलेली भाकर ओढून घेतली, तुकडा मोडला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "उभी काहून राह्यली? जवसाची चटनी आन. कोरडी भाकर देशीन का मले?"