ट्यूबच्या खोक्यातला कागद

आमच्या घरी इंग्रजीत काहीही आलं की ते माझ्यापुढे धरलं जायचं. खताच्या गोणीवरचं असो, विहिरीवरच्या मोटारीचं असो, औषधाच्या बाटलीवरचं असो. चांदवडजवळच्या आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यातलं निम्मं मला कळायचं नाही. पण तसं मी कधी बोलले नाही.

नाशिकला हॉस्टेलवर आले त्या वर्षी माझे गाल पुटकुळ्यांनी भरले. वर्गात मी शेवटच्या बाकावर, हनुवटीला हात लावून बसायचे. खोलीतल्या मुलीनं एक ट्यूब दिली. "नायट्याची आहे, पण लावून तर बघ." आठवड्यात चेहरा साफ.

दिवाळीत घरी गेले, तर दहावीतली माझी बहीण माझ्या गालांकडे बघतच राहिली. तिच्या तोंडावर तेव्हा नुकत्याच पुटकुळ्या आल्या होत्या आणि वर्गातली पोरं तिला 'डाळिंब' म्हणायची. आईनं जायफळ उगाळून लावून पाहिलं होतं. मी ट्यूब काढून दिली. आईनं खोक्यातला घडीचा कागद माझ्यापुढे धरला.

"काय लिव्हलंय बघ. तोंडाला चालंल ना?"

अक्षरं मुंगीएवढी होती. मी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, मध्ये एकदा मानही हलवली. "चालतं. लिहिलंय तसं."

"ती वाचती ना, मग झालं," वडील म्हणाले.

पुढे माझी नवी ट्यूब लावणं मी थांबवलं आणि माझ्या पुटकुळ्या दुपटीनं परत आल्या. ते मी घरी कळवलं नाही. लाज वाटली.

फेब्रुवारीत आई बहिणीला घेऊन नाशिकला आली. तीन महिने बहिणीनं ती ट्यूब, संपली की मेडिकलमधून नवी आणून, न चुकता लावली होती. गाल लालभडक, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि त्यावर पुटकुळ्याच पुटकुळ्या. उन्हात गेलं की आग व्हायची, म्हणून तिनं शाळा बुडवली होती. दहावीच्या वर्षात.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चिडल्या. "नायट्याची ट्यूब तोंडाला? कोणी सांगितलं?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. बहीण चटकन म्हणाली, "मेडिकलवाल्यानं."

मी खाली फरशीकडे बघत राहिले.

"ती ट्यूब बंद. त्यात स्टेरॉइड असतं, आधी साफ होतं आणि मग दुप्पट येतं. पुटकुळ्या फोडायच्या नाहीत, घासायच्या नाहीत. दोन वेळा साध्या पाण्यानं तोंड धुवायचं. हे मलम लिहून देते. फरक पडायला दोन-तीन महिने लागतील, धीर धरा."

मलम घेऊन आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. बहिणीनं नवं खोकं उघडलं, घडीचा कागद काढला आणि सवयीनं माझ्या हातात दिला. "वाच ना, ताई."

मी वाचायला लागले. दुसऱ्याच ओळीत अडले.

"मला हे सगळं नाय कळत गं," मी म्हणाले. "तेव्हाही नव्हतं कळलं."

बहिणीनं कागद माझ्या हातातून घेऊन त्याची घडी घातली. मग मी तो कागद तिच्याकडून परत घेतला आणि डॉक्टरीणबाईंना विचारायला पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिले.