गोठ्याचा उतार

नोलीन व्हारकोला जन्माची एकच खोड: ‘असं का?’ हे विचारल्याशिवाय घास घशाखाली उतरायचा नाही. कोरमबरा गावाजवळच्या गोठ्यात तिने चाळीस वर्षं धारा काढल्या. एखादी गाय अर्धा लिटर कमी दूध द्यायची, तर ही बाई दिवसभर तिच्या मागे. आता गाई विकल्या, नवरा डेस अर्धांगाने चाकाच्या खुर्चीला खिळला आणि रिकाम्या गोठ्यात त्याची छप्पन सालची होल्डन गाडी उभी राहिली. समुद्राच्या वाऱ्याने तिचा तळ गंजून पार चाळणी झाला होता. डेसला तिच्यातून एकदा इन्व्हरलॉकच्या किनाऱ्यावर न्यायचं, हेच नोलीनने मनात धरलं होतं.

या गाडीला खाली वेगळी चौकट नसते. तळ कापायचा म्हणजे कणाच काढायचा. टेकू चुकला तर सांगाडा पिळवटतो आणि तसाच जोडला गेला, की दारं जन्मात लागत नाहीत. म्हणून नोलीनने गाडीखाली चार घोड्या, म्हणजे लोखंडी टेकू, लावल्या, टेपने जमिनीपासून मोजून सारख्या उंच केल्या आणि सांगाडा सरळ आहे का ते कळावं म्हणून दारं मुद्दाम जागेवर ठेवली. तरी ड्रायव्हरचं दार खालच्या कोपऱ्यात अडायचंच.

शेजारचा कीथ वेल्डिंगचं मशीन घेऊन येऊन बसला होता.

“अगं, म्हातारी झाली गाडी. सांधे कुरकुरणारच. सांगाडा हलू नये म्हणून आतून आडव्या सळया जोडतो, दारं काढतो, कापून मोकळे होऊ.”

“दार लागायच्या आत सळई लावलीस तर हात मोडीन.”

“मापं बरोबर आहेत ना?”

“तेच तर. मापं बरोबर, मग दार का अडतंय?”

इतक्यात बाजूला खुर्चीत बसलेल्या डेसच्या हातातून चहा सांडला. कीथ फडकं शोधायला धावला. नोलीन जागची हलली नाही. चहा खुर्चीखालून निघाला आणि मागच्या उजव्या घोडीला वळसा घालून कोपऱ्यातल्या मोरीत गेला.

“कीथ, चहा तिकडेच का गेला?”

“मोरी तिथे आहे म्हणून. गोठा धुवायला उतार तूच काढून घेतलास ना?”

नोलीनने कपाळावर हात मारला. चाळीस वर्षं रोज त्या उतारावर पाणी मारलं आणि मापं घेताना बाईंनी जमीन सपाट धरली. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

मग तिने गवंडी धरतात तशी पाणी भरलेली नळी धरून चारही कोपरे पाहिले. मोरीकडचा अर्धा इंच खाली होता. जॅकने तो हळूहळू उचलला, प्रत्येक फेऱ्याला दार लावून पाहिलं. सातव्या फेऱ्याला लागलं. तेव्हा कुठे कीथला सळया जोडू दिल्या.

नवा तळ बसायला तीन आठवडे गेले. सळया कापायच्या दिवशी नोलीनला सकाळपासून काही खाववेना. सळयांचा आधार गेल्यावर सांगाडा स्वतःच्या जिवावर उभा राहील का, हे कुणाला विचारून कळणार नव्हतं. शेवटची सळई खाली पडली. तिने दार एका बोटाने ढकललं. खट्.

डेसने डोळे मिटले होते. कित्येक दिवसांत तो धड बोलला नव्हता.

“पुन्हा लाव.”

तिने लावलं.

“आता आतून,” तो म्हणाला.

“अरे, सीट कुठे बसवलीय अजून?” नोलीन म्हणाली. कीथ सीट आणायला केव्हाच निघाला होता.