मेले की झोपले

पनवेलमध्ये कोणी टेलिव्हिजन डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, त्या काळात टेलिव्हिजनवरच्या एका मालिकेपायी माझ्या बहिणीचं लग्न मोडायची वेळ आली. मोडण्याच्या कामात माझा भरघोस वाटा होता. पुढे ते जुळलं, त्याच्याशी माझा काही संबंध नाही.

मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होतो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आई, मी आणि धाकटी बहीण कुसुम. कुसुमला बघायला मंडळी येत, पोहे खात आणि ठाण्या-कल्याणला परत जात. एकाला तिची उंची जास्त वाटली, दुसऱ्याला तिचं उत्तर. ("गाता येतं का?" असं विचारल्यावर "तुम्हाला?" असं तिने विचारलं होतं.) मग एका नात्यातल्या लग्नात पंगतीला वाढताना अरुण नावाच्या मुलाने तिच्या ताटात जिलबीऐवजी मठ्ठा ओतला. घरी आल्यावर कुसुम म्हणाली, "दादा, त्याचं स्थळ आलं तर मी गप्प बसेन." आमच्या घरात याला प्रेम म्हणतात.

स्थळ आलं. मुलगा ठाण्यात नोकरीला, स्वभावाने गरीब, घरी फक्त आई. अडचण एकच, मामा. अरुणचे वडील नव्हते, त्यामुळे घरातला शेवटचा शब्द मामासाहेबांचा. मामासाहेबांना त्यांच्या कंपनीने एकदा सहा महिने विलायतेला पाठवलं होतं. त्याला तीन वर्षं होऊन गेली होती, पण मामासाहेब अजून पुरते परत आले नव्हते. चहा पिताना ते तिकडच्या चहाबद्दल बोलत आणि पाऊस पडला की तिकडच्या पावसाबद्दल. तिकडे त्यांच्या घरमालकिणीकडे टेलिव्हिजन होता. त्यावर दर आठवड्याला आकाशातून आलेल्या लोकांची एक मालिका लागायची आणि मामासाहेब ती घरमालकिणीच्या शेजारी बसून पाहायचे. पहिल्या भेटीत त्यांनी मला ती मालिका दीड तास सांगितली. पत्रिकेचा विषय निघायच्या आत त्यांची एस.टी. आली.

त्या मालिकेवरून पुढे सिनेमा निघाला. मुंबईत तो एकच आठवडा टिकला आणि नेमका त्याच आठवड्यात मामासाहेब काविळीने अंथरुणाला खिळले होते. मग हिंडत फिरत तो सिनेमा पनवेलला उस्मानशेठच्या तंबूत आला. उस्मानशेठने त्याला मराठी नाव दिलं होतं, 'आकाशातले झोपचोर'. मामासाहेबांचा निरोप आला, की मुलगी बघण्याचा कार्यक्रम शनिवार-रविवारी करू, शनिवारी संध्याकाळी सगळे मिळून सिनेमा पाहू आणि रविवारी सकाळी पोहे. "मी मुलीला स्वयंपाक विचारत नाही," ते म्हणाले होते. "मत विचारतो. आमच्याशी जुळलं की झालं."

आमच्याशी म्हणजे त्यांच्याशी.

इथपर्यंत माझा दोष नव्हता. पण तंबूत इंग्रजी सिनेमा लागला, की एक माणूस पत्र्याचा भोंगा घेऊन पुढे बसे आणि पडद्यावर काय चाललंय ते लोकांना मराठीत सांगे. हा नेहमीचा माणूस इंग्रजीचं एक अक्षर न जाणता ते काम उत्तम करी. नायक म्हणजे 'साहेब', खलनायक म्हणजे 'दुसरा साहेब', आणि शेवटी साहेबाचं लग्न. कुणाची तक्रार नव्हती. तो नेमका गावाला गेला होता. उस्मानशेठ माझ्याकडे आले.

"मास्तर, मेहेरबानी करा. सुकापूरपासून गाड्या येतात. पब्लिकला गोष्ट समजली नाय तर तंबूचे खुंटे उपटून नेतील."

मी विचार केला, की मुलीचा भाऊ अख्ख्या तंबूला इंग्रजी सिनेमा उलगडून सांगतो आहे, हे पाहून मामासाहेबांचं मत आपल्या बाजूला झुकेल. कुसुम म्हणाली, "दादा, नको." आई म्हणाली, "करू दे त्याला, हौस आहे." मी होकार दिला. माझं इंग्रजी पुस्तकातलं होतं. ते कुणाच्या तोंडून बाहेर पडताना मी तोवर ऐकलेलं नव्हतं, माझं स्वतःचं सोडून.

ज्यांनी तंबूतला सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पडदा तंबूच्या मधोमध टांगलेला असे. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. खेळाआधी पडद्यावर पाणी मारत, म्हणजे चित्र आरपार दिसे. बायकांना सगळं उलटं दिसायचं, नायक डाव्या हाताने तलवार चालवायचा, पण त्याची सवय झाली होती. आवाजाचा कर्णा मात्र पडद्यामागे, म्हणजे बायकांच्या अंगावर. माझ्या पत्र्याच्या भोंग्याचं तोंड पुरुषांकडे. थोडक्यात, बायकांना सिनेमा ऐकू यायचा आणि पुरुषांना मी.

आई, कुसुम आणि अरुणची आई पलीकडे गेल्या. मी पुढे, माझ्या शेजारी खुर्चीवर मामासाहेब, त्यांच्या पलीकडे अरुण. सिनेमा सुरू झाला. पडद्यावर एक गाव, एक चर्च, एक म्हातारा प्रोफेसर. प्रोफेसर बोलू लागला. तो बोलत होता ते इंग्रजी असावं असं त्याच्या कपड्यांवरून वाटत होतं. मला एकही शब्द लागेना.

"प्रोफेसर म्हणतात," मी भोंग्यातून सांगितलं, "की आज हवा चांगली आहे."

"नाही," मामासाहेब म्हणाले. "ते म्हणतात, गावात तीन दिवस कुणालाच झोप आलेली नाही."

मी सुधारून सांगितलं. मग चंदेरी कपड्यातले टकले लोक यानातून उतरले. त्यांच्या ग्रहावरची झोप संपली होती, म्हणून ते माणसांच्या डोक्याला नळ्या लावून इथली झोप काचेच्या बरण्यांत भरून नेत होते. हे सगळं मला मामासाहेबांकडून कळत होतं आणि माझ्याकडून तंबूला. इथवर ठीक होतं. पण मामासाहेब सिनेमा सांगत नव्हते, ते मालिका सांगत होते.

"हे चुकलंय," ते म्हणाले. "सीरियलमध्ये प्रोफेसरला मुलगी होती. सांगा लोकांना."

मी सांगितलं. लोक मुलगी शोधू लागले.

"बरण्या निळ्या होत्या."

"टेलिव्हिजनवर रंग दिसतात का, मामासाहेब?"

"दिसत नाहीत. पण निळ्या होत्या."

थोड्या वेळाने भोंगा माझ्या हातून त्यांच्या हातात कधी गेला ते मला कळलं नाही. ते सिनेमात नसलेली माणसं आणत होते आणि असलेली नाकारत होते. मी आपला मधूनमधून भोंग्याकडे तोंड नेऊन पडद्यावर दिसतंय ते सांगत होतो. मागून, जमिनीवर बसलेल्या खारजमिनीत राबणाऱ्या एका गड्याचा आवाज आला. "मास्तर, ते मामा सांगतान ते दिसत नाय, आन दिसतंय ते कोन सांगत नाय. आमी काय करू?"

"झोपा," दुसरा कुणीतरी म्हणाला. निम्म्या तंबूने ते मनावर घेतलं. झोप चोरणाऱ्यांचा सिनेमा पाहून इतके लोक झोपलेले मी कधी पाहिले नाहीत. मलाही मोह होत होता.

शेवटचं रीळ लागलं आणि मामासाहेबांनी एकाएकी भोंगा माझ्या हातात दिला. "तुम्ही सांगा. माझा घसा बसला." घसा बसलेला वाटत नव्हता. ते खुर्चीच्या टोकाला येऊन बसले होते आणि दोन्ही हातांनी छत्री धरून होते. अरुण हळूच माझ्या कानाशी आला.

"मास्तर, शेवट मामांना माहीत नाही."

"म्हणजे?"

"शेवटचा भाग लागायच्या आदल्या दिवशी त्यांची बोट सुटली. घरमालकीणबाईंनी कळवते म्हटलं होतं, कळवलं नाही. तेव्हापासून मामांना रात्रीची झोप नाही. जे काय सांगाल ते जपून सांगा."

मी पडद्याकडे पाहिलं. प्रोफेसर आणि टकल्यांचा म्होरक्या समोरासमोर उभे होते आणि दोघं मिळून इतकं बोलत होते, की त्यापेक्षा मारामारी परवडली असती. मग प्रोफेसरने काठीने सगळ्या बरण्या फोडल्या. आतून धूर निघाला. गावातली माणसं जांभया देत आडवी झाली. चंदेरी लोकही एकामागून एक खाली कोसळले. म्होरक्या सगळ्यांत शेवटी, प्रोफेसरच्या पायाशी. प्रोफेसरने टोपी काढली.

मामासाहेब खुर्चीतून उठले आणि माझ्याकडे वळले. आवाज अगदी लहान झाला होता. "मास्तर, ते मेले की झोपले?"

मागून गडीही विचारू लागले. जे झोपले होते ते जागे झाले. सगळा तंबू माझ्याकडे बघत होता आणि प्रोफेसर काहीतरी सांगत होता, जे मला कळत नव्हतं. टोपी काढली म्हणजे माणूस मेला, एवढं मला पुस्तकांतून माहीत होतं.

"मेले," मी भोंग्यातून सांगितलं.

"झोपले," पडद्याच्या पलीकडून आवाज आला.

आवाज कुसुमचा होता. मामासाहेब पुन्हा उठून उभे राहिले. मी म्हणालो, मेले. पलीकडून पुन्हा, झोपले. पुरुष माझ्या बाजूने ओरडू लागले, बायका तिच्या. तेवढ्यात चित्र संपलं, दिवे लागले, आणि पनवेलचं अर्धं गाव मेले म्हणत व अर्धं झोपले म्हणत तळ्याकाठच्या अंधारातून घरी गेलं. उस्मानशेठ मला म्हणाले, "मास्तर, शुक्रिया. उद्या येऊ नका."

त्या रात्री पाहुणे आमच्याकडेच मुक्कामाला होते. जेवताना मामासाहेबांनी छत्री मांडीवरच ठेवली होती. मी कुसुमला स्वयंपाकघरात गाठून समजावलं. म्हटलं, उद्या ते मत विचारतील. मुलीच्या घरात भाऊ एक म्हणतो आणि बहीण दुसरं, हे बरं दिसत नाही. शिवाय मामासाहेब न्यायाचे भोक्ते आहेत, चोर मेले पाहिजेत असंच त्यांना वाटत असणार. तू म्हण, की मला नीट दिसलं नाही, दादा म्हणतो ते बरोबर. आईनेही मान डोलावली. कुसुम ताटं विसळत होती. "बघू," म्हणाली.

सकाळी पोहे आले. मामासाहेबांचे डोळे लाल होते. त्यांनी पोह्यांना हात लावला नाही.

"मुली," ते म्हणाले, "तू काल झोपले म्हणालीस. कशावरून?"

मी खोकलो. आई खोकली. अरुणने जमिनीकडे पाहिलं.

"मी ऐकलं," कुसुम म्हणाली. "कर्णा आमच्या बाजूला होता. ते खाली पडले आणि मग घोरण्याचा आवाज आला. चांगला मोठा. मेलेली माणसं घोरत नाहीत."

"घोरत होते?"

"हो. बराच वेळ."

"मग प्रोफेसरने टोपी का काढली?" मी विचारलं. (हे मी का विचारलं, ते मला आजही सांगता येत नाही.)

"त्यालाही झोप आली असेल, दादा. टोपी घालून कोण झोपतं?"

मामासाहेबांनी बशी पुढे ओढली. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "तो म्होरक्या मनाने वाईट नव्हता. दमलेला होता बिचारा." त्यांनी पोहे खाल्ले, पुन्हा मागून घेतले, आणि हात धुवायला म्हणून उठले ते आमच्या ओटीवरच्या पलंगावर आडवे झाले. दुपारच्या एस.टी.च्या वेळेला त्यांना उठवावं लागलं. उठल्यावर अरुणच्या आईला म्हणाले, "तारीख काढा."

पाहुणे गेल्यावर मी कुसुमला म्हटलं, की ते घोरणं मला भोंग्यामुळे ऐकू आलं नाही, नाहीतर मीही झोपलेच म्हणालो असतो.

"आई घोरत होती," कुसुम म्हणाली. "मधल्या रिळापासून. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. दुसरं काही ऐकूच येत नव्हतं."

"मग तू झोपले कशाला म्हणालीस?"

"काल ते उभे राहिले ना, पडद्यावर त्यांची सावली पडली. छत्री छातीशी धरलेली. तू मेले म्हणालास आणि ती सावली मटकन खाली बसली." तिने रिकाम्या बशा उचलल्या. "दादा, तुला इंग्रजी येत नाही ते ठीक आहे. तुला मराठी माणूसही वाचता येत नाही?"

लग्न छान झालं. पंगतीत अरुणने मला मठ्ठा वाढला, वाटीतच.

पुढे पुष्कळ वर्षांनी कुसुमच्या घरी टेलिव्हिजन आला आणि एका रविवारी संध्याकाळी त्यावर तोच सिनेमा लागला. मामासाहेब खूप थकले होते, तरी काठी टेकत आले. मीही पनवेलहून मुद्दाम गेलो. या खेपेस भोंगा नव्हता, पडद्याच्या दोन बाजू नव्हत्या. इतक्या वर्षांत माझं इंग्रजीही थोडं सुधारलं होतं. एकदा खरं काय ते कळावं, एवढीच इच्छा होती. वाटभर एस.टी.त उभं राहून अंग आंबलं होतं. प्रोफेसरने बरण्यांवर काठी उगारलेली मला आठवते.

डोळे उघडले तेव्हा पडद्यावर बातम्या चालू होत्या आणि सगळं घर माझ्याकडे बघत होतं.

"मामासाहेब," मी विचारलं, "शेवटी काय झालं?"

"कोण जाणे, मास्तर," मामासाहेब म्हणाले. "तुमच्या घोरण्यात काही ऐकूच आलं नाही."